आठ एकर आणि चार चौकटी: २०२३ च्या खरिपाचं एक प्रकरण

१ ऑगस्ट २०२३ ला आमच्या शेतकरी गटाच्या व्हॉट्सअॅपवर मी एक ओळ टाकली: "ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस सामान्य राहण्याचा अंदाज." खाली अंगठ्यांची रांग लागली. एकानं हात जोडले, एकानं पांडुरंगाचा फोटो टाकला. ओळ खोटी नव्हती. भारतीय हवामान विभागानं आदल्याच दिवशी तसं जाहीर केलं होतं. तरीही त्या एका ओळीपायी माझ्या काकांचं तीन एकर सोयाबीन निम्म्यावर आलं. ते कसं, हे सांगायला मला वाऱ्या-ढगांपेक्षा चौकटींबद्दल जास्त बोलावं लागेल.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. काकांचं वावर आठ एकर: पाच एकर पऱ्हाटी, तीन एकर सोयाबीन आणि त्यात तुरीची तासं. एका अंगानं नाला, नाल्याकाठी विहीर, विहिरीवर पाच एचपीची मोटर. जमीन काळी, भारी. पाणी साचलं की चिबडते, आणि ताण बसला की भेगांत हात जातो. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकले, आता तालुक्याच्या ठिकाणी एका शेतकरी कंपनीत काम करते आणि हवामानाचे संदेश गटावर टाकणं हे माझ्याकडे आपसूक आलेलं काम. पगारात नसलेलं, पण लोक जाब विचारतात ते याच कामाचा.

त्या वर्षी पाऊस मुळात उशिरा आला. केरळात ८ जूनला, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा. मग अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळानं ओलावा स्वतःकडे ओढला आणि विदर्भात मान्सून पोचायला २३ जून उजाडला. मृग कोरडा गेला. काही जणांनी धूळपेरणीत सरकी टोबून टाकली होती, त्यांचं बियाणं तापल्या मातीत पडून राहिलं. काका थांबले. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हा कृषी विभागाचा सल्ला ते आकड्यानं नाही, कुदळीनं पाळतात: वीतभर खणायचं आणि ओल खालच्या ओलीला भिडली का ते पाहायचं. आर्द्रात पेरणी झाली, उगवण छान झाली, जुलैत डवरणीही वेळेवर पार पडली.

आणि मग २२ जुलै.

त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यानं काय पाहिलं ते इथल्या लोकांना सांगायला नको. आमच्या शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर पुरात अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. आमचा नाला रात्रीच काठ सोडून वावरात शिरला. सकाळी काकांची खालची दोन तासं खरडून गेली होती, विहीर काठोकाठ गढूळ पाण्यानं भरली होती आणि मोटर गाळात बसली होती. काकांनी ती दोराला बांधून ओढून काढली, झाकण उघडलं, बोटानं आतला चिखल कोरला. "हे पाह्य माय," ते म्हणाले, "सुगरणीनं घरटं केल्यासारखा गाळ बसला." वाइंडिंग गेलं होतं. आर्णीतल्या मिस्त्रीनं चार-पाच हजारांचा अंदाज दिला.

आदल्या दिवशी आमच्या गटावर जो संदेश होता त्यात जिल्ह्यासाठी "बऱ्याच ठिकाणी मध्यम, एक-दोन ठिकाणी मुसळधार" अशी भाषा होती. पुरानंतर लोक चिडले, आणि माझ्या मते थोडे चुकीच्या जागी चिडले. हवामान खात्याच्या भाषेत या शब्दांना मापं आहेत. "एक-दोन ठिकाणी" म्हणजे भागातल्या पाव हिश्शापर्यंतच्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याहून जास्त पण पाऊण हिश्शापर्यंतच्या. "मध्यम" म्हणजे चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मि.मी. आणि "मुसळधार" त्याच्या पुढे. यात "तुमच्या नाल्यावर" असा शब्द कुठेच नसतो. तो का नसतो हाच या प्रकरणाचा गाभा.

अंदाज ज्यावरून निघतो ते हवामानाचं मॉडेल म्हणजे हवेचा सातबारा. पृथ्वीवरची सगळी हवा गटांत, म्हणजे चौकटींत, पाडायची, प्रत्येक गटाला एक तापमान, एक दाब, एक वारा, एक ओलावा, आणि मग न्यूटनच्या नियमांनी शेजारच्या गटांशी त्यांचा व्यवहार काही मिनिटांच्या टप्प्यानं पुढे पुढे मोजत जायचा. ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज माणसानं १९२२ साली छापलेल्या पुस्तकात युरोपाच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखून हातानं असं गणित केलं होतं. सहा तासांच्या अंदाजाला त्याला कित्येक आठवडे लागले, आणि उत्तर आलं की दाब १४५ मिलिबारनी बदलणार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाबमापक जवळजवळ हललाच नव्हता. पद्धत बरोबर होती, सुरुवातीची माहिती खडबडीत होती. आमच्या गटावरच्या भांडणांच्या वेळी मला हा माणूस फार आठवतो.

२०२३ मध्ये आपल्याकडच्या जागतिक मॉडेलची चौकट १२ किलोमीटरची होती. म्हणजे एका चौकटीत १४४ चौरस किलोमीटर. यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे साऱ्या जिल्ह्याच्या वाट्याला ९४-९५ चौकटी. सोळा तालुक्यांना वाटल्या तर तालुक्याला सरासरी सहा. एका चौकटीत वीसेक गावं सहज येतात आणि त्या सगळ्या गावांना मॉडेलमध्ये एकच पाऊस. समजा चौकटीच्या दहाव्या हिश्शावर १०० मि.मी. कोसळला आणि बाकी कोरडं राहिलं, तर चौकटीचा पाऊस १० मि.मी. मॉडेल "हलका पाऊस" म्हणेल. ते खोटं बोललेलं नसतं, आणि नाल्याकाठच्या माणसाची मोटर तरीही गाळात जाते. त्यातही एखादी गोष्ट मॉडेलला नीट दिसायची तर ती सलग पाच-सहा चौकटी रुंद असावी लागते. समुद्रावरून येणारा कमी दाबाचा पट्टा शेकडो किलोमीटरचा, तो छान दिसतो. पाऊस पाडणारा ढग मात्र काही किलोमीटरचा.

मग मॉडेल ढगांचं काय करतं? नजरअंदाज पैसेवारी करतं. गावातल्या निवडक प्लॉटवरून अख्ख्या गावाचं पीक किती आणे हे ठरतं, तसंच चौकटीतली एकूण उष्णता, ओलावा आणि हवेची चढण पाहून "इतके ढग झाले असतील, इतकं पाणी पडलं असेल" असा हिशेब एका ठरलेल्या सूत्रानं लावला जातो. याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. पैसेवारीवरून गावात भांडणं होतात तशी याही सूत्रावरून शास्त्रज्ञांत होतात.

चौकट लहान का करत नाही? करतात, पण किंमत बघा. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात आणि वेळेचा टप्पाही निम्मा घ्यावा लागतो, म्हणजे गणित आठपट. म्हणून विभाग लहान भागापुरतं ३ किलोमीटरचं वेगळं मॉडेल चालवतो. त्यात मोठे ढग थेट उमटतात, पण ते दोन-तीन दिवसांपुरतंच. त्याहून जवळचं, पुढच्या दोन-तीन तासांचं, रडार सांगतं. आमच्यासाठी रडार नागपूरचं. आर्णी तिथून सरळ रेषेत १७५ किलोमीटरच्या आसपास, आणि पृथ्वी गोल असल्यानं रडारचा सगळ्यात खालचा किरणही आमच्या डोक्यावर येईपर्यंत तीन किलोमीटरहून वर चढलेला असतो. ढगाची छाती त्याला दिसते, पाय दिसत नाहीत.

तर २२ जुलैच्या बाबतीत माझं मत असं की त्या चौकटीतून जेवढं दिसू शकत होतं तेवढं सांगितलं गेलं होतं. "एक-दोन ठिकाणी" मध्ये आपण असू शकतो हे आम्ही धरलं नाही. ऑगस्टची गोष्ट वेगळी. तिथं चूक माझी.

३१ जुलैला विभागानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ऑगस्ट-सप्टेंबर मिळून देशाचा पाऊस सामान्य, म्हणजे सरासरीच्या ९४ ते १०६ टक्के, पण कल खालच्या बाजूला. दोन, एकट्या ऑगस्टमध्ये देशाचा पाऊस सामान्यपेक्षा कमी, ९४ टक्क्यांच्या खाली. मी पहिली टाकली. दुसरी का नाही टाकली? नुकताच पूर ओसरला होता, लोकांची मनं खचली होती, आणि "सामान्य" हा शब्द बरा वाटला. शिवाय ओळ लांब झाली असती. "देशाचा" हा शब्दही मी त्याच नादात गाळला. "दोन महिने मिळून" हे तर कुणाच्या लक्षातच आलं नसतं.

काकांनी ती ओळ आपल्या वावराची म्हणून वाचली. त्यांचा हिशेब सरळ होता: पाऊस येतोच आहे तर मोटर आत्ता कशाला? ते पैसे त्यांनी निंदणाला आणि फवारणीला लावले. युरियाचा दुसरा हप्ताही दिला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मान्सूनचा आस, म्हणजे पाऊस आणणारा कमी दाबाचा पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला. असं झालं की पायथ्याला आणि ईशान्येला पाऊस झोडपतो आणि मध्य भारत कोरडा पडतो. यालाच मान्सूनचा खंड म्हणतात. प्रशांत महासागरात, पाणी नेहमीपेक्षा तापून मान्सून कमजोर करणारा एल निनो होताच. त्या ऑगस्टमध्ये देशात ३६ टक्के पाऊस कमी पडला, १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आणि तो नेमका आमचं सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगांत जाताना आला. दुपारी पानं उलटी होऊन पांढरट दिसायची, तासांमधल्या भेगा दिवसागणिक रुंदावायच्या. पंधरा तारखेच्या आसपास मी वावरात गेले तर काका विहिरीच्या काठावर बसले होते. चार परस खाली पाणी दिसत होतं. पाणी होतं, मोटर नव्हती. मिस्त्रीकडे तोवर पुरातल्या मोटरींची रांग लागली होती.

"काहून माय," काका म्हणाले, "तुह्याच मेसेजवर तं थांबलो ना मी."

मी काय बोलणार? तीन एकरांना ५० मि.मी. पाणी द्यायचं तर सहा लाख लिटर लागतं. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटरहून थोडं जास्त, त्यावरून हिशेब लावा. भरल्या विहिरीतून रातच्या लाइनवर पाळीपाळीनं उपसून निदान दीड-दोन एकर तरी वाचलं असतं. शेंगा धरल्या, पण खालच्या भरल्या नि वरच्या पोचट राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात एक सर आली. ती मंडळाच्या केंद्रावर चांगली पडली, आमच्या वावरात धूळ बसवण्यापुरती. तेव्हा पीकविम्यात सलग २१ दिवसांहून जास्त खंड पडला तर २५ टक्के अग्रिम मिळायचा, पण तो खंड मोजायचे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. आमच्या वावराचा खंड चालू राहिला, कागदावरचा तुटला. इथेही चौकटच.

सप्टेंबरमध्ये पाऊस परत आला. देशात १३ टक्के जास्त. हंगामाची बेरीज निघाली सरासरीच्या ९४ टक्के. एप्रिलमध्ये विभागानं ९६ टक्के सांगितलं होतं, पाच टक्के इकडे-तिकडे धरून. म्हणजे हंगामाचा अंदाज बरोबर आला! मी तो आकडा काकांना सांगितला तेव्हा ते नुसते हसले.

पण इथे जरा थांबायला हवं, कारण लोक यावरून "मग तो अंदाज काय चाटायचा" असं म्हणतात आणि ते मला पटत नाही. दोन आठवड्यांपलीकडचा रोजचा पाऊस सांगता येत नाही. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये कॉम्प्युटरला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा दिला आणि काही काळानं त्याचं हवामान पार वेगळ्या वाटेला गेलं, तेव्हापासून हे माहीत आहे. सुरुवातीची बारीकशी चूक फुगत जाते. म्हणूनच विभाग २०१८ पासून तेच १२ किलोमीटरचं मॉडेल सुरुवात किंचित बदलून एकवीस वेळा चालवतो आणि एकविसांपैकी किती जण पाऊस म्हणतात ते पाहतो. मग चार महिन्यांचा अंदाज कोणत्या तोंडानं देतात? कारण समुद्र हवेसारखा चंचल नाही. जुल चार्नी आणि आपले जगदीश शुक्ल या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच मांडलं: उष्ण कटिबंधात हंगामाची दिशा समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टी ठरवतात. त्यामुळे चार महिन्यांची, मोठ्या मुलखाची सरासरी सांगता येते. कोणत्या मंगळवारी कोणाच्या बांधावर, ते नाही. आणि या दोन्हींच्या मध्ये दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज असतो. त्याची चौकट हवामान उपविभागाची, म्हणजे अख्खा विदर्भ, अकराही जिल्हे मिळून एक. मोटर कधी दुरुस्त करावी हे ठरवायला हाच कागद हवा होता. "पुढचे दोन आठवडे विदर्भात उणं" एवढंच कळलं असतं तरी पुरे होतं. मी त्या महिन्यात गुरुवारचा नकाशा उशिरा उघडला.

विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला पावसापाण्याचं भाकीत करणारी घटमांडणी होते. मातीच्या चार ढेकळांवर पाण्याचा करवा ठेवतात, एक ढेकूळ एका महिन्याचं. चेष्टा करणारे करोत. मला त्यात एक गोष्ट लक्षात येते: तिथं महिना वेगळा सांगतात. मी तेवढंही केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी काकांच्या मुलानं शेततळ्याचा विषय काढला. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. जागा जाते नऊ आर, जवळपास पाव एकर. काका म्हणाले, "एका वर्षाच्या पुरापायी मी वावर खंदू?" प्रश्न रास्त होता, आणि गंमत म्हणजे याचं उत्तर सगळ्यात मोठ्या चौकटीतून मिळालं. हवामानबदलाची जागतिक मॉडेलं साधारण शंभर किलोमीटरच्या चौकटीवर चालतात. त्यात अख्खा यवतमाळ जिल्हा एका-दीड चौकटीत बसतो. आर्णीला २०४० च्या ऑगस्टात काय होईल असं त्याला विचारणं मूर्खपणा. पण तळं ही काही एका ऑगस्टची गोष्ट नाही, ती वीस-तीस वर्षांची. आणि त्या मापाचा प्रश्न विचारला तर उत्तर स्वच्छ येतं. हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पडतो तेव्हा जोरात पडतो. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात नोंदींवरून हेच दिसतं: १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात दिवसाला १५० मि.मी.हून जास्त पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, आणि १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा एकूण मोसमी पाऊस सहा टक्क्यांनी घटला. जुलैत पूर, ऑगस्टात भेगा. २०२३ हे वर्ष आडवाटेचं नव्हतं.

मी काकांना टक्केवारी सांगितली नाही, पाणी सांगितलं. बाजू उतरत्या धरल्या तर त्या तळ्यात साधारण बावीस लाख लिटर राहतं. झिरपणं-उडणं वजा केलं तरी सोयाबीनला दोन पाळ्या. काका बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "आखा."

मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टीम हे नवं मॉडेल सुरू झालं, चौकट ६ किलोमीटरची. पुण्याच्या अर्क या महासंगणकामुळे हे जमलं. जिल्ह्याच्या आता पावणेचारशेच्या वर चौकटी झाल्या आणि अंदाज ग्रामपंचायतीपर्यंत आणायचा बेत आहे. मला आनंदच आहे. पण ३६ चौरस किलोमीटर म्हणजे नऊ हजारांजवळ एकर, त्यातले काकांचे आठ. वीज पडायचा इशारा देणारं दामिनी अॅप मी सगळ्यांच्या फोनवर टाकून दिलं आहे, आणि काकांच्या बांधावर साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक बसवला आहे. मोटरीसाठी कंबरभर उंच ओटा बांधला. हल्ली माझा संदेश भागानं आणि मुदतीनं सुरू होतो, पाऊस नंतर. लांबलचक ओळ होते, अंगठे कमी येतात.

परवा लिहिलं होतं: "यवतमाळ जिल्हा, पुढचे २४ तास, काही ठिकाणी म्हणजे चारपैकी एक ते दोन गावांत मध्यम पाऊस." सकाळी काकांचं उत्तर आलं: "बांधावर ४. नाल्याच्या पल्याड धो धो. आपण दोन गावांतले नोतो."